नाव आणि नोंद : बौद्धिक संपदेच्या हक्कांची ओळख

(मंडळाच्या पानशेत येथील विद्यार्थी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आमच्याकडे बौद्धिक संपदा हा विषय सोपविला, तेव्हा आपल्यापैकी काहींनी विचारले की, हा विषय कारखानदारांचा आणि वकिलांचा. वेल्हे-भोरच्या डोंगरात भातशेती करणाऱ्या, बचत गट चालविणाऱ्या, जयंतीला गाणी म्हणणाऱ्या माणसांना त्याचे काय? काही वर्षांपूर्वी आम्हालाही असेच वाटत होते. ते मत का बदलले, ते आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही.

आमच्या कार्यकर्त्यांनी एकदा भीमगीतांची एक लहान पुस्तिका काढली. गावोगावच्या वह्यांमधून गाणी उतरवून घेतली. मुखपृष्ठावर संस्थेचे नाव घातले. शेवटच्या दोन पानांवर देणगीदारांची नावे रकमेसह छापली. प्रकाशनाचा कार्यक्रम संपल्यावर एक आजी पुस्तिका घेऊन आमच्यापाशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. नातवाने पान दाखवून दिले होते. त्या पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ''बाळांनो, हे आमच्या ह्यांचं गाणं हाय. ह्यांचं नाव कुठं हाय?''

आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्याने शंभर रुपये दिले त्याचे नाव आम्ही छापले होते. ज्याने गाणे दिले त्याचे नाव छापले नव्हते. आपण रोज पंचशील घेतो. त्यातील दुसरे शील, जे कोणी दिलेले नाही ते न घेण्याचे आहे. चोरी न करणे असा त्याचा साधा अर्थ आपण लावतो आणि दुसऱ्याच्या कणगीला हात लावला नाही म्हणजे शील पाळले, असे समजतो. त्या दिवशी आमच्या लक्षात आले की, दुसऱ्याचे गाणे त्याच्या नावाशिवाय घेणे हेही न दिलेले घेणेच आहे. या विषयाच्या अभ्यासाला आम्ही तेथून लागलो.

कागदावरचे नाव

आपण आज पानशेतच्या पाण्याकाठी बसलो आहोत. आंबी नदीवरचे हे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. धरण पुन्हा बांधले गेले. पुण्याला पाणी मिळाले. पण हे पाणी ज्या जमिनींवर उभे आहे त्या जमिनींची आठवण येथल्या वृद्धांनाच असते. धरण कोठलेही घ्या, एक गोष्ट सगळीकडे सारखी असते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर होते त्याला मोबदल्यासाठी निदान भांडता आले. जो पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबला पण कागदावर नव्हता, त्याला दाखवायलाही काही नव्हते.

बुद्धीने निर्माण केलेल्या वस्तूचेही असेच आहे. गाणे, पुस्तक, यंत्र, नक्षी, बियाणे, मालाचे नाव ही डोळ्यांना दिसणारी जमीन नव्हे. पण त्यांतून उत्पन्न निघते, मान मिळतो, आणि त्यांवर अतिक्रमणही होते. म्हणून कायद्याने त्यांनाही संपत्ती मानले आहे. तिलाच बौद्धिक संपदा म्हणतात. तिचे निरनिराळे प्रकार आहेत, प्रत्येकाचा कायदा वेगळा, मुदत वेगळी आणि नोंदीची रीत वेगळी. एका प्रकारचे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. पुस्तकाचे पेटंट होत नाही आणि यंत्राच्या कल्पनेला कॉपीराइट लागत नाही. म्हणून एकेक प्रकार क्रमाने पाहू.

१. कॉपीराइट

मराठीत याला प्रताधिकार म्हणतात. आपला कायदा १९५७ सालचा; तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. लेखन, नाटक, संगीत, चित्र, चित्रपट, ध्वनिमुद्रण, संगणकाची आज्ञावली या सर्वांना त्याचे संरक्षण आहे. दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, संरक्षण कल्पनेला नसून तिच्या मांडणीला असते. धरणग्रस्तांवर कथा लिहिण्याची कल्पना कोणालाही वापरता येते. पण तुम्ही लिहिलेली कथा दुसऱ्याला आपली म्हणून छापता येत नाही. दुसरी, हा हक्क लिहिल्याबरोबर निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद उभा राहिला तर पुरावा लागतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद करता येते आणि साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क पाचशे रुपये आहे.

लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होता, तेव्हा ती वाढविण्याचा प्रश्न पुढे आला आणि १९९२ साली साठ वर्षे करण्यात आली.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या अप्रकाशित लेखनाच्या पेट्या त्यानंतर बरीच वर्षे बंद राहिल्या. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढण्याचे ठरविले. पहिला खंड १९७९ साली आला आणि त्या कामात वसंत मून यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील कॉपीराइट ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला. १ जानेवारी २०१७ पासून ते ग्रंथ कोणालाही छापता येतात. पण येथे एक बारकावा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षे त्या प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली निघाला, म्हणून त्याची मुदत २०१७ अखेर संपली. 'रिडल्स इन हिंदुइझम' मात्र १९८७ साली शासनाच्या चौथ्या खंडात आला. त्या कलमाप्रमाणे मोजले तर त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. शिवाय मूळ ग्रंथ मोकळा झाला तरी त्याचा मराठी अनुवाद करणाऱ्याचा आपल्या अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो. म्हणून बाबासाहेबांचे साहित्य समाजाचे आहे, असे म्हणून कोणताही अनुवाद उचलून छापणाऱ्या मंडळांनी थोडे थांबावे.

गाण्यांचेही तेच. लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले; त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. त्यांची गाणी आपण गाऊ नयेत असा याचा अर्थ मुळीच नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता, श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेले सादरीकरण कायदा हक्कभंग मानत नाही. जयंतीच्या मंडपात खुशाल गा. पण तेच गाणे ध्वनिमुद्रित करून विकायचे, पुस्तकात छापायचे, तर परवानगी लागते. विद्यार्थ्यांनाही स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, समीक्षेसाठी योग्य प्रमाणात उतारे घेण्याची मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी केलेल्या प्रतींच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. गरीब विद्यार्थ्याला ज्ञान मिळावे, याची सोय कायद्यातच आहे.

आता आमच्या शाहिरांसाठी तीन गोष्टी. कॉपीराइट विकला, तरी कृतीचा कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. कर्त्यामागे त्याचे वारस तो मागू शकतात. त्या आजींचा प्रश्न भावनेचा होता, तसाच तो कायद्याचाही होता. दुसरे, हक्क देण्याचा करार लेखी हवा; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. तिसरे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी गीत देणाऱ्या कवीचा मानधनातील समान वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तो वारसांना किंवा हक्कधारकांच्या नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. कॅसेटच्या काळात आमच्या परिचयाच्या एका शाहिराने गाण्यांची अख्खी वही पाचशे रुपयांना देऊन कोऱ्या कागदावर सही केली होती. कॅसेटवर छापून आले, गीत पारंपरिक. तो शाहीर समोर बसून स्वतःचे गाणे पारंपरिक म्हणून ऐकत असे.

२. पेटंट

पेटंट म्हणजे एकस्व. ते नव्या शोधाला मिळते. शोध जगात कोठेही आधी प्रसिद्ध झालेला नसावा, त्या विषयाच्या जाणकारालाही सहज सुचण्यासारखा नसावा, आणि उद्योगात उपयोगी पडणारा असावा, या तीन अटी. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातात.

पेटंट हा समाजाशी केलेला सौदा आहे. शोधकाने आपला शोध पूर्ण उघड करून लिहून द्यायचा, आणि त्या बदल्यात वीस वर्षे तो वापरण्यापासून इतरांना रोखण्याचा हक्क घ्यायचा. धरणात पाणी अडवितात ते पुढे कालव्याला सोडण्यासाठी. तसेच हे आहे. मुदत संपली की ज्ञान सर्वांचे होते.

या हक्कालाही बांध आहे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाला उत्पादन म्हणून पेटंट देण्याचे नाकारले, फक्त ते बनविण्याच्या कृतीला दिले. त्यामुळे भारतीय कारखान्यांना वेगळ्या कृतीने तेच औषध स्वस्तात बनविता आले. जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून उत्पादनाचे पेटंट पुन्हा सुरू झाले. तरी २०१२ साली मुंबईत बसलेल्या पेटंट नियंत्रकांनी कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाबाबत सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपयांना पडणारे औषध त्यामुळे आठ हजार आठशे रुपयांत देणे भाग झाले. शोधकाचा हक्क मान्य, पण माणसाचा जीव त्याहून वरचा, हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे.

हळदीची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावी. जखमेवर हळद लावावी, हे या शिबिरातील प्रत्येकाच्या आजीला माहीत आहे. तरी १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पण ते आजीच्या सांगण्यावरून झाले नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली छापलेला लेख असे छापील पुरावे पुढे ठेवावे लागले. तोंडी ज्ञान तेथे पुरले नसते. पुढे पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले, ते यासाठीच.

विज्ञान प्रदर्शनात उपकरण मांडणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना. आपले उपकरण खरोखर नवे आहे असे वाटत असेल, तर आधी तात्पुरता अर्ज करावा आणि मग ते लोकांना दाखवावे. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण वर्णन देण्यास बारा महिने मिळतात. आधी सर्वांना दाखवून मग अर्ज केला, तर नवेपणाची अट तुमच्याच हातून मोडलेली असू शकते.

३. ट्रेडमार्क आणि डिझाइन

हे दोन प्रकार थोडक्यात सांगतो. ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्ह. माल कोणाचा, हे गिऱ्हाइकाला सांगणारे नाव किंवा खूण. १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. नोंद दहा वर्षांची, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करीत गेल्यास कितीही काळ टिकते. आमच्या भगिनींचा बचत गट नाचणीचे पापड करतो. पाच वर्षे चांगला माल दिला, नाव झाले, आणि मग दुसऱ्याने तेच नाव पाकिटावर छापले, तर भांडायला आधार हवा. केवळ 'उत्तम पापड' असे मालाचे वर्णन करणारे नाव सहसा मिळत नाही. वेगळेपणा असलेले नाव निवडावे. धार्मिक भावना दुखावणारी चिन्हे नोंदविता येत नाहीत. अशोकचक्र, धर्मचक्र ही नावे आणि राष्ट्रध्वजावरील चक्राचे चित्र व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या एका स्वतंत्र कायद्याने मनाई आहे. श्रद्धेने का होईना, दुकानाच्या पाटीवर ते घालू नये.

डिझाइन म्हणजे वस्तूचे डोळ्यांना दिसणारे रूप. बाटलीचा आकार, कापडावरची नक्षी. २००० च्या कायद्याने त्याची नोंद दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे मिळते. येथेही वस्तू बाजारात आणण्यापूर्वी अर्ज करणे आवश्यक आहे. आणखी एक प्रकार व्यापारी गुपिताचा. मसाल्याची कृती कोणाला न सांगता घरात ठेवली, तर तिला मुदत नाही. पण एकदा फुटली की गेली. भारतात त्यासाठी आजवर स्वतंत्र कायदा झालेला नाही. करार आणि न्यायालय यांच्याच आधारावर ते राखावे लागते.

४. भौगोलिक मानांकन

वरचे बहुतेक हक्क एका माणसाचे किंवा एका कंपनीचे असतात. भौगोलिक मानांकन मात्र समूहाचे असते. एखाद्या प्रदेशाच्या मातीमुळे, हवामानामुळे, तेथील कारागिरांच्या हातामुळे मालाला जो गुण येतो, त्या प्रदेशाचे नाव त्या मालासाठी राखून ठेवायचे, अशी ही रीत. कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. पुणेरी पगडी, पैठणी यांना ते मिळाले आहे. आपल्या शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहोर भातालाही ते मिळाले आहे.

कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. ही चप्पल कोणी घडविली? ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्या चर्मकार आणि ढोर समाजाच्या हातांनी. कातडे कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवले आणि त्याने केलेली चप्पल घालून गाव मिरवले. शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला, ही त्यातली उजळ बाजू.

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या. कोल्हापूरचे नाव सुरुवातीला कोठेही नव्हते. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर त्यामागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा आहे, असे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. दाद मागायची तर नोंदीचा मालक मागू शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार केला.

यातून दोन धडे घ्यावेत. मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते आणि तेही आपल्या देशात. परदेशात कोणी नुसता आकार उचलला, तर त्याचे बळ अपुरे पडते. पण नोंद होती म्हणूनच कोणाशी बोलायचे, हे ठरले. नोंद नसती तर करार करायला समोर कोणी नव्हते. आता त्या कराराचा पैसा आणि मान चप्पल शिवणाऱ्या घरापर्यंत पोचतो की नाही, हे पाहणे समाजाचे काम आहे. कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचे नाव वेगळे नोंदवावे लागते, हे पुष्कळांना माहीतही नसते.

५. पिकांचे वाण

शेवटचा प्रकार शेतकऱ्यांचा. येथे बसलेल्या भातकऱ्यांना आम्ही एका भातकऱ्याची गोष्ट सांगणार आहोत.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहान गाव आहे. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे हे दलित समाजातील अल्पभूधारक शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ या जातीच्या भातात त्यांना वेगळ्याच दिसणाऱ्या तीन लोंब्या आढळल्या. दुसऱ्या कोणी त्या कापून इतर भातात टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षे निवड केली. बारीक दाण्याचा, चवीचा, भरपूर उतारा देणारा तांदूळ तयार झाला. १९९० च्या सुमारास तो बाजारात गेला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. काही वर्षांत तो अनेक राज्यांत पसरला. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी एचएमटी तांदूळ शिजत असेल.

१९९४ साली कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली शुद्ध केलेले वाण म्हणून ते पीकेव्ही-एचएमटी या नावाने प्रसारित झाले. ज्याने ते शोधले त्याचे नाव त्या नावात नव्हते. बियाणे विकणाऱ्यांनी पैसा मिळविला. दादाजींना त्यातून काही मिळाले नाही. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचे काम पुढे आणले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली 'फोर्ब्स' मासिकाने ग्रामीण भारतातील प्रभावी उद्योजकांत त्यांची गणना केली. डीआरके, नांदेड हिरा अशी आणखी वाणे त्यांनी काढली. तरी गरिबी सुटली नाही. दीर्घ आजारात ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

ते हयात असताना कायदा नव्हता का? त्यांनी वाण काढले तेव्हा खरोखर नव्हता. पिकांचे वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ साली झाला आणि त्याचे प्राधिकरण २००५ साली स्थापन झाले. आता मात्र आहे. शेतकऱ्याने स्वतः काढलेले वाण त्याच्या नावाने नोंदविता येते. भातासारख्या पिकाला पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. शेतकऱ्याला शुल्क माफ आहे. त्याचबरोबर संरक्षित वाणाचेही बी राखून ठेवणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याशी अदलाबदल करणे, विकणे हा शेतकऱ्याचा परंपरागत हक्क कायद्याने शाबूत ठेवला आहे. फक्त कंपनीचे छापील नाव लावून ते विकता येत नाही. वेल्ह्याच्या खाचरात एखाद्या भगिनीने असेच जपलेले बी असेल, तर तिने दादाजींची गोष्ट आठवावी आणि ते बी पिशवीत घालून देण्याआधी नोंदीचा विचार करावा.

मालकी आणि दान

येथे काही उपासक विचारतील की, हे सारे माझे-माझे करणे धम्माला धरून आहे काय? तथागतांनी ज्ञान मुठीत झाकून ठेवले नाही. आचार्याची बंद मूठ आपल्यापाशी नाही, असे त्यांनी आनंदाला शेवटच्या काळात सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. मग आपण हक्क का सांगावेत?

आम्हाला वाटते, या दोन गोष्टींत विरोध नाही. दान करायला आधी ते आपले असावे लागते. ज्याचे हिसकावून घेतले, त्याने दान केले असे म्हणता येत नाही. आजवर आपल्या लोकांनी गाणी दिली, चपला दिल्या, बियाणे दिले, आणि जगाने ते बेवारस समजून उचलले. आपला हक्क जाणून, नोंदवून, मग तो मोकळ्या मनाने समाजाला देणे हे खरे दान. कायद्यातही ती सोय आहे. कॉपीराइटचा धनी आपला हक्क जाहीरपणे सोडून देऊ शकतो. पण सोडणारा तोच असावा लागतो. आणि जो दुसऱ्याचे नाव राखतो, त्यालाच स्वतःचे नाव मागण्याचा नैतिक अधिकार येतो.

म्हणून मंडळापुढे आम्ही चार साध्या गोष्टी ठेवतो. एक, मंडळाच्या ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी; परिसरातील शाहीर, कारागीर, शेतकरी यांनी केलेले काम नाव, गाव आणि तारखेसह तिच्यात लिहावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ती नोंद कायद्याची नोंदणी नव्हे, पण उद्या पुरावा म्हणून उपयोगी पडेल. दोन, मंडळाच्या कोणत्याही प्रकाशनात कवी, अनुवादक, चित्रकार यांचे नाव छापल्याशिवाय मजकूर घेऊ नये. तीन, कोऱ्या किंवा न समजणाऱ्या कागदावर कोणी सही करू नये. आधी शिकलेल्या मुलांकडून वाचून घ्यावा. चार, आपल्या मुलांपैकी काहींनी विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकून पेटंट एजंटची परीक्षा द्यावी. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला ती देता येते. आपल्या माणसाचा अर्ज लिहायला आपला माणूस असावा.

त्या पुस्तिकेचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आम्ही उरलेल्या प्रती परत मागविल्या. वह्या घेऊन पुन्हा गावोगाव फिरलो. काही गाण्यांचे कवी सापडले, काहींचे सापडले नाहीत. तेथे 'कवी अज्ञात, माहिती असल्यास कळवावे' असे छापले. दुसऱ्या आवृत्तीची पहिली प्रत त्या आजींना नेऊन दिली. नातवाने पान काढून दिले. त्यांनी छापलेल्या नावावर बोट फिरविले आणि प्रत पाटावरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी ठेवली. अक्षर त्यांना येत नव्हते, पण नाव कोठे आहे हे त्यांना कळले होते.

येथील प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन आपल्या आजी-आजोबांना एवढेच विचारावे की, आपल्या घरात कोणी काय घडविले? आणि ते लिहून आणावे. आमच्या नोंदवहीचे पहिले पान कोरे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!